पेपर वाटणारा मुलगा

कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडा नावाचं जायफळाचं एक छोटं बेट आहे. तिथं १८८७ साली थिओफिलस मॅरिशो जन्मले. आई लहानपणीच गेली. सुतारकामात जीव रमेना, म्हणून ते पेपर वाटू लागले. वाटता वाटता लिहू लागले, आणि १९१५ मध्ये एका सोबत्याबरोबर ‘वेस्ट इंडियन’ हे वर्तमानपत्रच काढलं!

बेटावर राज्य इंग्रजांचं. कायदेमंडळात बसणारे सगळे सरकारनं नेमलेले, लोकांनी निवडलेला एकही नाही. मॅरिशोंनी पेपरातून हाच विषय लावून धरला. १९२१ मध्ये गाऱ्हाणं घेऊन थेट लंडन गाठलं. १९२५ साली ते निवडून आले आणि मरेपर्यंत, तब्बल ३३ वर्षं, निवडून येतच राहिले.

पण तेव्हा मत कुणाला? पैसा-मालमत्ता असलेल्यांना. शेतमजूर बायांच्या हाती ते आलं १९५१ मध्ये. आम्हाला विचाराल तर, त्यांच्या सगळ्या धडपडीत हेच मोलाचं.

सगळ्या इंग्रजी बेटांचा एक देश व्हावा, हे त्यांचं जुनं स्वप्न. १९५८ च्या जानेवारीत तसा संघ झाला, मॅरिशो त्याचे सिनेटर झाले. ऑक्टोबरात ते वारले. चार वर्षांत संघही मोडला.