भोपळ्याच्या डोक्यावरचं छप्पर

आमच्या भिवंडीत काय पिकतं असं कुणी विचारलं तर खरं उत्तर म्हणजे कापड आणि गोडाऊन :) यंत्रमागाचं गाव ही जुनी ओळख. नंतर नाशिक हायवेच्या दोन्ही बाजूंना गोदामं उभी राहिली आणि नवी ओळख मिळाली. मुंबई-ठाण्याची मंडळी ॲपवर भाजी मागवतात, ती बऱ्याचदा इथूनच निघते. सध्या माझं काम अशाच एका गोदामाच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळण्याचं आहे. त्याच्या आयटम लिस्टमध्ये दुधी, दोडका, काकडी यांच्या रांगेत 'झुकिनी हिरवी' आणि 'झुकिनी पिवळी' अशा दोन पाहुण्या बसलेल्या असतात. इंग्लंड-आयर्लंडसारख्या थंड, वाऱ्याच्या देशात लोक ही भाजी प्लास्टिकच्या बोगद्यात लावतात. मग आपल्याकडे ती कशाखाली वाढते? हा प्रश्न डोक्यात बसला आणि या विकांताचा लेख तयार झाला.

आधी खानदान. झुकिनी म्हणजे भोपळाच, पण कोवळा असताना तोडलेला. इटालियनमध्ये 'झुक्का' म्हणजे भोपळा आणि 'झुकिनी' हे त्याचं लाडाचं, छोटं रूप. तिचं मूळ मात्र मेक्सिकोत. ओआहाका प्रांतातल्या गिला नाकित्झ गुहेत या जातीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत, म्हणजे तिथे मका रुजण्याच्याही आधीच्या. कोलंबसानंतर हा भोपळा युरोपात गेला, आणि आज आपण ओळखतो ती लांबट झुकिनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी इटलीत, मिलानच्या आसपास तयार झाली.

उष्ण प्रदेशातल्या या वेलवर्गाला गारठा आणि वारा दोन्ही सोसत नाहीत. थंडीत वाढ थांबते, वाऱ्यात मोठी पानं फाटतात. त्यामुळे या कुटुंबाला छप्पर द्यायची खटपट फार जुनी आहे. रोमचा सम्राट टायबेरियस (इसवी सन १४ ते ३७) याला काकडीसारखं एक फळ रोज लागायचं. त्यासाठी माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. दिवसा ते उन्हात ढकलायचे आणि हिवाळ्यात पारदर्शक दगडाच्या पातळ तावांखाली घ्यायचे. ही हकीकत प्लिनीनं लिहून ठेवली आहे. अलीकडे जॅनिक आणि पॅरिस या वनस्पतीशास्त्रज्ञांनी दाखवलं की ती काकडी नव्हती, खरबुजाच्या जातीतलं लांबट फळ होतं. म्हणजे आपल्या वाळकाची चुलत बहीणच. असो. मुद्दा हा की जगातलं पहिलं नोंदलेलं 'ग्रीनहाऊस' एका वेलवर्गीय फळासाठी होतं आणि त्याचा खर्च सम्राटाच्या खिशातून जात होता.

पुढची अठराशे वर्षं छप्पर श्रीमंतांचंच राहिलं. एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे माळी घोड्याच्या लिदीच्या उबेवर, काचेच्या घंटांखाली भाजी काढायचे, पण काच महाग आणि फुटकी. चित्र बदललं ते प्लास्टिकनं. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिन चक्क अपघातानं सापडलं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकांनी, काच परवडत नाही म्हणून, लाकडी सांगाड्यावर सेलोफेन ताणून ग्रीनहाऊस बांधलं. पॉलिथिन मागोमाग आलंच.

त्याचा सगळ्यात मोठा अवतार स्पेनच्या अल्मेरियात दिसतो. कोरडा, वाऱ्यानं झोडपलेला किनारा. तिथे द्राक्षवेलींसाठी तारांचे मांडव होतेच, १९६० च्या दशकात लोकांनी त्यांच्यावर प्लास्टिक ताणलं. आज तिथे ३०,००० हेक्टरच्या वर जमीन प्लास्टिकखाली आहे, उपग्रहातून पांढरा डाग दिसतो, आणि झुकिनी हे तिथलं एक मुख्य पीक आहे.

आपल्याकडे आडोशाची शेती नव्हती असं नाही. शेवरी-पांगाऱ्याच्या दाट सावलीत, वारा अडवून वाढवलेला पानमळा हे आपलं देशी ग्रीनहाऊसच. प्लास्टिकचं युग सरकारी वाटेनं आलं. लेहमध्ये १९६२ पासून संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे, तिनं सैनिकांना ताजी भाजी मिळावी म्हणून जमिनीत चर खणून वर प्लास्टिक टाकण्यासारखे प्रकार रुजवले. १९८१ मध्ये केंद्रानं शेतीतल्या प्लास्टिकसाठी राष्ट्रीय समिती नेमली. उदारीकरणानंतर मावळात, तळेगाव दाभाड्याच्या परिसरात, गुलाब आणि जरबेराची पॉलीहाऊसं उभी राहिली. एक्सप्रेसवेवरून पुण्याला जाताना दिसतात तीच. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं आणि अनुदानामुळे छोटे शेतकरीही यात उतरले.

आता थोडी आकडेमोड (सवय!). २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये २० गुंठ्यांच्या, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटरच्या साध्या पॉलीहाऊसचा खर्च चौरस मीटरला ८९० रुपये धरला होता. म्हणजे फक्त सांगाडा आणि प्लास्टिक मिळून अठरा लाखांच्या आसपास. निम्मं अनुदान मिळालं तरी नऊ लाख शेतकऱ्याचे, आणि ते बहुतेक वेळा बँकेचे. लागवड, ठिबक, मजुरी वेगळी, आणि वरची फिल्म तीन-चार वर्षांनी बदलावीच लागते. २०१७ मध्ये महाराष्ट्रात कर्जमाफी आली तिची मर्यादा होती दीड लाख. या कर्जांपुढे ती कुठे पुरणार? आमचाही विचार करा म्हणत पॉलीहाऊस आणि शेडनेटवाले शेतकरी पुढे रस्त्यावर उतरले, त्याचं कारण या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

मग आलं २०२०. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला. लग्नं बंद, देवळं बंद, आणि मावळातली फुलं फेकून द्यावी लागली. पाठोपाठ ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग वादळ किनाऱ्याला लागलं, ताशी ११०-१२० किमीच्या वाऱ्यानं. घाट चढेपर्यंत जोर कमी झाला, तरी मावळात कित्येक पॉलीहाऊसची छपरं फाटली. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किमीला चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा रेटा असेल, तर १२० ला जवळजवळ ६८ किलोचा. वेग दुप्पट, मार चौपट. पीक वाऱ्यापासून वाचावं म्हणून बांधलेलं छप्पर अशा वेळी शिडासारखं वागतं.

आपल्या धंद्यात जोएल स्पॉल्स्कीचा २००२ चा एक लेख प्रसिद्ध आहे. त्याचं म्हणणं असं की कुठलंही ॲबस्ट्रॅक्शन कुठे ना कुठे गळतंच. खालचा गुंता झाकता येतो, नाहीसा करता येत नाही. पॉलीहाऊस हे हवामानावरचं ॲबस्ट्रॅक्शन आहे. आतल्या रोपाला पाऊस दिसत नाही, पण तो पाऊस कर्जाच्या हप्त्यात जाऊन बसतो. टायबेरियसला हे जड गेलं नाही, त्याला हप्ता नव्हता :)

झुकिनीच्या बाबतीत तर छप्पर आणखी एका ठिकाणी गळतं. तिची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात परागकण इकडून तिकडे न्यायला मधमाशी लागते. जाळी कीड अडवते तशी मधमाशीही अडवते. मग भल्या पहाटे माणसं लावून एकेक फूल हातानं फळवा, नाहीतर परागीकरणाशिवाय फळ धरणारं महागडं बियाणं आणा. इतका खर्च करून ही भाजी नऊ लाख फेडणार कधी? म्हणूनच आपल्याकडे पॉलीहाऊसमध्ये गुलाब, जरबेरा आणि रंगीत ढोबळी मिरची असते, आणि झुकिनी बहुतेक उघड्यावरच, मल्चिंग पेपर आणि ठिबकवर घेतली जाते.

पण या कुटुंबासाठी एक छप्पर महाराष्ट्रात खरोखर रुजलं आहे, आणि मला तेच सगळ्यात हुशारीचं वाटतं. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची बातमी आपण जवळपास दर हिवाळ्यात वाचतो. अशा थंडीत लावलेल्या कलिंगड-खरबुजाच्या रोपांवर शेतकरी तारेच्या कमानी रोवून पांढरं, हलकं कापड टाकतात. त्याला 'क्रॉप कव्हर' म्हणतात. ते विणलेलं नसतं, धागे चिकटवून केलेलं असतं (यंत्रमागवाल्यांनी राग मानू नये). आत ऊब राहते, वारा लागत नाही, विषाणू पसरवणारी पांढरी माशी आत येत नाही. खर्च एकरी हजारांत, लाखांत नाही. आणि वेलीला फुलं लागली की शेतकरी ते सरळ काढून टाकतो, कारण आता मधमाशी यायला हवी. झुकिनीलाही हेच चालतं, खानदान एकच.

किती दिवस झाकायचं आणि कुठल्या दिवशी उघडायचं हे या पद्धतीत शेतकऱ्याच्या हातात राहतं. पॉलीहाऊसचं छप्पर असं काढून ठेवता येत नाही, आणि त्याचं कर्जही नाही. पुढच्या वेळी ॲपवर एक्झॉटिक भाजीची किंमत बघून 'एवढी महाग?' असं वाटलं तर त्या किमतीत कुणाचं छप्पर धरलंय आणि कुणाचं धरलेलं नाही, एवढं मनात येऊ द्या. तूर्तास इतकंच.