चाकांवरच्या विजेची कुळकथा

व्हॅनचा कॅम्पर करून घेताना गादी, पडदे, ओटा, पाण्याची टाकी यांवर घरात लवकर एकमत होतं. घोडं अडतं ते विजेपाशी. एक जण म्हणतो, छोटा जनरेटर घे. दुसरा सांगतो, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी टाक, स्वस्तात काम होईल. तिसऱ्याचा भरवसा छतावरच्या सोलर पॅनलवर, तर चौथा हँडल असलेल्या पॉवर स्टेशनच्या डब्याची जाहिरात पाठवतो. चौघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. घोळ होतो, कारण यांतली जवळपास प्रत्येक वस्तू मुळात भटकंतीसाठी जन्मलेली नाही. कुणी मोटार सुरू करायला जन्मलं, कुणी उपग्रहासाठी, कुणी व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. पुढे त्या सगळ्या गाडीत येऊन बसल्या. पण जन्माच्या कामाची सवय त्यांच्या अंगातून गेली नाही. म्हणून निवड करण्याआधी त्यांचं कूळ पाहिलेलं बरं.

हौसेच्या भटकंतीची गाडी विजेच्या आधीची आहे. १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली. सुमारे दोन टन वजनाची ही गाडी दोन घोडे ओढत. तिच्यातून तो इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. उजेडाला तेलाचे दिवे होते. वीज साठवण्याची विद्या तोवर जगात आली नव्हती असं मात्र नाही. व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून पहिली बॅटरी १८०० मध्येच जाहीर केली होती. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. १८८१ मध्ये कामीय फोरने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप चढवला आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. वीज होती, पण घोडागाडीत ती भरणार कोण? साठवणीपेक्षा भरणं अवघड, ही अडचण या कुळकथेत पुढे वारंवार भेटते.

भरणारा सापडला तो मोटारीत. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल फिरवून मनगट मोडून घेण्याचे दिवस सरत गेले. स्टार्टरसाठी बॅटरी आली, बॅटरी भरण्यासाठी इंजिनावर फिरणारा डायनॅमो आला. आजच्या पेट्रोल-डिझेल मोटारींतली शिसे-आम्लाची बॅटरी याच कामाची आहे. सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच इंजिनाकडून भरून घ्यायचं. त्यासाठी आत पातळ आणि भरपूर प्लेट्स असतात, म्हणजे आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. अशा बॅटरीवर रात्रभर पंखा आणि फ्रिज चालवला, की पातळ प्लेट्सवरचा लेप सुटायला लागतो, शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि थोड्याच वेळा रिकामी होऊन ती निकामी होते. वर सकाळी गाडी सुरू होत नाही ते वेगळंच.

कॅम्परव्हॅनचा आजचा चेहरा युद्धोत्तर जर्मनीत घडला. बेन पोन या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये फोक्सवॅगनसाठी खोक्यासारख्या गाडीचं रेखाटन केलं. ती १९५० मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसणारं घडीचं फर्निचर काढलं. या गाडीची वीज १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टची होती. एवढ्याशा विजेवर भागायचं, कारण खरी ऊर्जा गॅसच्या टाकीतून यायची. चूल गॅसवर आणि पुढे फ्रिजसुद्धा. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ मध्ये ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा, एकही फिरता भाग नसलेला फ्रिज शोधला होता. कॅराव्हॅनवाल्यांनी कितीतरी दशकं तो वापरला. विजेची भूक वाढली ती कॉम्प्रेसरचा १२ व्होल्ट फ्रिज, मोबाइल आणि लॅपटॉप गाडीत आल्यावर.

मग गाडीत दुसरी बॅटरी आली. जाड प्लेट्सची, हळूहळू आणि खोलवर रिकामी होणारी. आपल्याकडे तिची भावंडं घरोघरी आहेत. २००० च्या दशकातल्या लोडशेडिंगने महाराष्ट्रातल्या घरांत जी ट्यूब्युलर बॅटरी आणली, ती याच जातीची. धन बाजूचं शिसं नळीदार कापडी आवरणात कोंडलेलं असल्याने ते सहज झडत नाही. पण ती एका जागी बसून राहण्यासाठी घडली आहे. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि वरंधा घाटाच्या वळणांवर तिचं आम्ल हिंदकळतं. शिवाय निम्म्याहून जास्त रिकामी केली, की आयुष्य घटतं. म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, हाती निश्चिंतपणे ९०० च्या आसपास. ‘स्वस्तात काम होईल’ या सल्ल्यात हा हिशेब धरलेला नसतो.

जनरेटरचं कूळ वेगळं. जपानमध्ये होंडाने १९६५ मध्ये ई-३०० हा हातात उचलता येणारा जनरेटर मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. महाराष्ट्राला मात्र फिरती वीज भेटली ती मनोरंजनातून. यात्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टूरिंग टॉकीजना आणि तमाशाच्या फडांना स्वतःची वीज सोबत न्यावी लागे. गॅसबत्तीच्या उजेडात रंगणारे खेळ पुढे ट्रकवरच्या जनरेटरवर आले. लग्नाच्या वरातीत तर डोक्यावर दिवे घेतलेल्या माणसांच्या दोन रांगा एका वायरने बांधलेल्या आणि मागून हातगाडीवर धडधडणारा जनरेटर, हे दृश्य कितीतरी वर्षं नेहमीचं होतं. तिथे आवाजाचं कुणाला काही वाटत नसे, बँजोपुढे तो ऐकूच येत नसे. तळ्याकाठी तंबूत झोपलेल्यांना मात्र तोच आवाज नकोसा होतो.

जुना जनरेटर इतका ओरडतो, त्याला कारण आहे. ५० हर्ट्झची वीज हवी असेल तर साध्या दोन ध्रुवांच्या यंत्राला मिनिटाला ३००० फेरे घ्यावेच लागतात, मग भार एका बल्बचा का असेना. इन्व्हर्टर जनरेटरने ही बेडी तोडली. वीज आधी डीसी करायची, मग इलेक्ट्रॉनिक्सने ५० हर्ट्झची घडवायची, म्हणजे भार कमी असताना इंजिन हळू फिरू शकतं. दोन गोष्टी मात्र कोणत्याही तंत्राने बदलल्या नाहीत. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे गाडीत किंवा खिडकीखाली जनरेटर चालवणं जिवावर बेतू शकतं. आणि इंजिनाला हवा लागते. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर साधारण एक तृतीयांश ताकद गळते. २००० वॉटचा जनरेटर तिथे २००० वॉट देत नाही.

सोलर पॅनलचा जन्म प्रयोगशाळेतला. अमेरिकेतल्या बेल लॅब्सने २५ एप्रिल १९५४ रोजी सिलिकॉनचा सौरघट दाखवला. ऊन विजेत बदलण्याची त्याची क्षमता सुमारे ६ टक्के होती. त्याला पहिलं मोठं काम मिळालं अंतराळात. १९५८ मधल्या व्हॅन्गार्ड-१ उपग्रहावरच्या सौरघटांनी सहा वर्षं रेडिओ चालता ठेवला. उपग्रहाला झाड नसतं, ढग नसतात. गाडीला दोन्ही असतात. स्वच्छ उन्हात १०० वॉटचं पॅनल दिवसाला ४०० वॉट-अवरच्या आसपास देतं, श्रावणात त्याचा लहानसा हिस्सा. वर एप्रिलमध्ये माणूस गाडी लावायला सावली शोधतो आणि पॅनलला ऊन हवं असतं. म्हणून छतावर ठोकलेल्या पॅनलइतकंच, गाडी आंब्याखाली ठेवून दहा मीटर वायरवर उन्हात मांडता येणारं घडीचं पॅनल आपल्या हवेत उपयोगी पडतं.

आता त्या हँडलवाल्या डब्याकडे. त्याच्या पोटातल्या लिथियम-आयन बॅटरीची पायाभरणी १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी केली. जॉन गुडएनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्टचा धन ध्रुव दिला, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये सुरक्षित रचना जुळवली. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली ती व्हिडिओ कॅमेऱ्यासारख्या हातातल्या वस्तूंसाठी. तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. कॅमेऱ्याला हलकेपणा हवा होता आणि काही शे वेळा चार्ज झालं तरी पुरे होतं. कोबाल्ट-निकेल कुळातल्या बॅटऱ्यांचा स्वभाव अजून तोच आहे. कमी वजनात जास्त वीज. पण बिघडल्या तर भडका मोठा, कारण तापल्यावर त्यांच्यातूनच ऑक्सिजन सुटतो.

गुडएनफ यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये दुसरी शाखा फुटली: लिथियम आयर्न फॉस्फेट. पहिल्या शोधनिबंधात पहिलं नाव अक्षय पाधी यांचं होतं. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध घट्ट असल्याने तापल्यावरही ऑक्सिजन सहजी सुटत नाही. दोष एवढाच, की या पदार्थातून वीज नीट वाहत नव्हती. कण बारीक करून त्यांवर कार्बनचा मुलामा चढवल्यावर तो दूर झाला. मग चीनमध्ये बस आणि मोटारींसाठी ही बॅटरी प्रचंड प्रमाणात बनू लागली. बसला वजनापेक्षा आयुष्य महत्त्वाचं, त्यामुळे हजारो वेळा भरण्या-रिकामं होण्याचा गुण तिच्यात जोपासला गेला. योगायोगाने कॅम्परलाही हेच हवं होतं. त्याच १०० अँपिअर-अवरसाठी शिशाच्या बॅटरीपेक्षा निम्मं वजन आणि जवळजवळ पूर्ण रिकामी करण्याची मुभा.

हिलाही सवयी आहेत. शून्य अंशाखाली ती वीज देते, पण तेव्हा चार्ज केली तर ऋण ध्रुवावर लिथियम धातूचा थर बसून कायमचं नुकसान होतं. हिवाळ्यात स्पितीत रात्र काढणाऱ्याने चार्जिंग आपोआप थांबवणारी किंवा बॅटरी आधी गरम करणारी सोय आहे का, हे पाहूनच डबा घ्यावा. दुसरं म्हणजे तिचा व्होल्टेज बहुतेक वेळ सपाट राहतो, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी हा आत-बाहेर गेलेल्या विजेचा मांडलेला हिशेब असतो. अधूनमधून पूर्ण भरली, की हिशेब जुळतो.

सेल, इन्व्हर्टर, चार्जर आणि सोलरचा कंट्रोलर एका डब्यात घालण्याचं काम २०१० नंतरचं. अमेरिकेतली गोल झीरो आणि २०१७ मध्ये शेन्झेनला सुरू झालेली इकोफ्लो ही त्यातली ठळक नावं. भटक्यांइतकाच या डब्याला घरातल्या अंधारानेही हात दिला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वणव्याच्या भीतीने कॅलिफोर्नियात लाखो घरांची वीज मुद्दाम तोडली गेली, तेव्हा आवाज न करता घरातच ठेवता येणारी वीज लोकांना हवीशी झाली. भिंतीच्या प्लगमधून तासाभरात भरणारे डबे आले ते अशा घरगुती गिऱ्हाइकासाठी. ढाब्याच्या किंवा होमस्टेच्या ६ अँपिअरच्या प्लगला मात्र १३०० वॉटच्या वर ओढ सोसत नाही. चार्जिंगचा वेग कमी करता येतो का, हे म्हणून आधी विचारावं.

चालत्या गाडीतून भरण्याचं दार तर आणखी जुनं आहे. डॅशबोर्डवरचं ते गोल भोक सिगारेट पेटवण्यासाठी होतं. त्यातून साधारण १० अँपिअर, म्हणजे १२० वॉट मिळतात. मुंबई ते तारकर्ली दहा तासांच्या प्रवासात जेमतेम एक युनिट भरेल. थेट बॅटरीपासून जाड वायर ओढून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला, तर तेच काम तीन तासांत होतं.

कुळकथा इथवर आली, की निवडीचा हिशेब सोपा होतो. ४५ वॉटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तर दिवसाला सुमारे ५४० वॉट-अवर. छोटा पंखा आठ तास दोनशे, लॅपटॉप तीन तास १८०, दिवे आणि फोन शंभर. बेरीज जवळपास एक युनिट. इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के गळती होते, म्हणून १२ व्होल्टवर चालणारी वस्तू १२ व्होल्टवरच चालवावी. दोघांच्या दोन दिवसांच्या सह्याद्री भटकंतीला दीड युनिटाच्या आसपासचा आयर्न फॉस्फेटचा डबा, डीसी-डीसी चार्जर आणि २०० वॉटचं घडीचं पॅनल पुरतं. २००० वॉटची इंडक्शन शेगडी अर्ध्या तासात एक युनिट खाते, तेव्हा चहा-भात गॅसवर. एसी हवाच असेल तर बाहेरून वीज देणाऱ्या तळावर मुक्काम करावा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यातही अशा तळांचा विचार आहे. जनरेटर शोभतो तो आठवडाभर ऊन नाही, गाडी हलणार नाही आणि शेजार नाही अशा ठिकाणी.

या कुळाची पुढची पिढी दिसू लागली आहे. ह्युंदाईच्या आयोनिक-५ सारख्या विद्युत मोटारी चाकांसाठीचीच वीज बाहेरच्या प्लगला देतात, ३ किलोवॉटहून अधिक. भारतात विकल्या जाणाऱ्या तिच्या बॅटरीत ७२ युनिटं असतात. दोन दिवस फ्रिज चालवायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात ती मोटार सहा-सात किलोमीटर जाते. कॅम्परमध्ये इतकी वर्षं ज्या एका युनिटासाठी काटकसर चालली, ते चालत्या गाडीच्या खर्चापुढे किती किरकोळ होतं, हे या एका आकड्याने कळतं. डबा जड होता, महाग होता, कारण गाडीची ऊर्जा पेट्रोलमध्ये आणि राहणाऱ्यांची बॅटरीत, अशी वाटणी झाली होती. ती वाटणी संपली की खरेदीचा हा प्रश्नही तिच्याबरोबर संपेल.