नितळ दारू, गढूळ दारू : खानदेशातील मोह आणि अबकारी खात्याचे माप

#थ्रेड

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेस निघाले की सोनगीरनंतर नरडाणा लागते. भोवती तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन, कापूस, ज्वारी; गावाला सुरत-भुसावळ लोहमार्गाचे स्थानक. तापी ओलांडून शिरपूर मागे पडले की सातपुड्याचा पायथा आणि मोहाची झाडे सुरू होतात. सपाटीवरचा सरकारी कायदा आणि डोंगरातली मोहाची भट्टी यांच्या मधल्या वाटेवरचे हे गाव. पेय नितळ असेल तरच ते चांगले, हा समज कोठून आला, याचा शोध या वाटेवर बराच लागतो.

पाण्याच्या बाबतीत हा समज जुना आहे आणि योग्यही आहे. गढूळ पाण्याच्या माठात निवळीचे बी उगाळून घालण्याची किंवा तुरटी फिरवण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. मात्र ताक, आंबील, भांग यांना कोणी नितळपणाची कसोटी लावल्याचे ऐकिवात नाही. नितळ ताक म्हणजे पाणचट ताक. तेव्हा प्रत्येक पेयाला पाण्याचा निकष लागू होत नाही, हे आपल्या स्वयंपाकघराला ठाऊकच होते.

युरोपात बीअरविषयी हा वाद दीर्घकाळ चालला. बीअर धूसर दिसते ती तिच्यात तरंगणाऱ्या यीस्टमुळे आणि धान्यातील प्रथिनांमुळे. इंग्लंडातील मद्यकार ती निवळण्यासाठी माशाच्या वाळवलेल्या फुग्यापासून काढलेला सरस वापरीत. हा सरस भारताच्या किनाऱ्यावर मिळवता येईल काय, यावर जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ मध्ये लंडनमध्ये पुस्तकच प्रसिद्ध केले. योगायोग असा, की त्याच वर्षी बोहेमियातील पिल्सेन येथे योसेफ ग्रोल यांनी सोनेरी, पारदर्शक बीअर बनवली. काचेचे पेले स्वस्त होत गेले, तसा हा पारदर्शकपणा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरू लागला. कथलाच्या किंवा मातीच्या पेल्यातून पिणाऱ्याला आत काय तरंगते आहे याची फिकीर नव्हती.

नितळपणाच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बीअरवरील ग्रंथात दाखवून दिले, की बीअर नासते ती नको असलेल्या जिवाणूंमुळे. मुळात नितळ असलेली बीअर एकाएकी गढूळ झाली, तर ती बिघडल्याची शंका घेणे रास्तच आहे. पण बव्हेरियातील गव्हाची बीअर मुळातच धूसर असते आणि तिथे ती तशीच हवी असते. म्हणजे गढूळपणा हा दोष आहे की गुण, हे त्या पेयाच्या जातीवर ठरते. येथवरचा वाद चवीचा झाला. खानदेशात मात्र तो महसुलाचा झाला, आणि त्यातून माणसे गुन्हेगार ठरली.

आता मोहाकडे वळू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची मांसल फुले जमिनीवर गळतात. ती वेचून वाळवतात. वाळलेल्या फुलात साखर विपुल असते. ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली, की सडवा तयार होतो. सडवा तपकिरी, फेसाळ आणि गढूळ असतो, आणि मद्यार्क याच टप्प्यात निर्माण झालेला असतो. पुढे भट्टीवर सडव्याची वाफ करून ती थंड केली जाते आणि पाण्यासारखी नितळ धार पडते. सुरुवातीची धार सर्वांत कडक, नंतरची उत्तरोत्तर सौम्य. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतील शब्दप्रयोग इथूनच आला. तिची परीक्षा विस्तवावर होते : थोडी शिंपडली आणि भडका उडाला, तर ती अस्सल. नितळपणा येथे अपेक्षित असतो, पण कसोटी ज्वाळेची असते, डोळ्याची नव्हे.

भिल्ल समाजात ही दारू केवळ पिण्याची वस्तू नव्हती. देवाला धार सोडायची ती तिचीच. जन्म, लग्न, मरण, पंचायतीतील समेट यांपैकी काहीच तिच्यावाचून पुरे होत नसे. फूल जंगलातले, भट्टी घरची, पिणारे घरचे. या सगळ्या व्यवहारात पैसा जवळजवळ नव्हता, आणि सरकारची अडचण नेमकी तीच होती.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा ठरवला. त्या सुमाराचे अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांचे धोरण सरळ होते : विखुरलेल्या भट्ट्या बंद कराव्यात, मोठ्या भट्ट्यांत सरकारी देखरेखीखाली दारू गाळावी आणि भट्टीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर तिच्या तीव्रतेनुसार कर घ्यावा. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि खुद्द फुलांच्या साठ्यावर निर्बंध आले. झाडावरून गळलेले फूल कायद्याच्या कक्षेत आणणारी ही राजवट खरोखर कल्पक म्हटली पाहिजे.

तीव्रता मोजायची कशी? त्यासाठी हायड्रोमीटर होता. साईक्स यांचे हे उपकरण इंग्लंडात १८१६ च्या कायद्याने अधिकृत झाले होते. द्रवात सोडलेला गोळा किती बुडतो यावरून घनता कळते आणि घनतेवरून मद्यार्काचे प्रमाण. परंतु हे गणित जमते ते केवळ मद्यार्क आणि पाणी यांच्या शुद्ध मिश्रणात. सडव्यात विरघळलेली साखर गोळ्याला वर ढकलते, मद्यार्क त्याला खाली जाऊ देतो, आणि आकडा निरर्थक होतो. ऊर्ध्वपातन केलेली दारूच तेवढी या उपकरणाला ‘वाचता’ येते.

बीअरवरही कर बसतोच, असा आक्षेप कोणी घेईल. बसतो, ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये इंग्लंडात आंबवण्यापूर्वीच्या रसाची घनता मोजून कर घेण्याची पद्धत आणली. पण त्यासाठी प्रत्येक मद्यशाळेत निरीक्षक पोहोचला पाहिजे. सातपुड्यातील प्रत्येक झोपडीतल्या मडक्यापाशी तो पोहोचणे शक्य नव्हते. मडके नाहीसे करणे सरकारला अधिक स्वस्त पडणार होते.

अशा रीतीने ‘चांगली’ दारू म्हणजे दुकानातली, मोजलेली, नितळ दारू, आणि घरची ती ‘बेकायदा’ अशी विभागणी झाली. मुंबई इलाख्यात देशी दारूच्या दोन ठरावीक तीव्रता रूढ झाल्या : लंडन प्रूफच्या खाली २५ अंश आणि खाली ६० अंश. आजच्या भाषेत पहिली ४२.८ टक्के मद्यार्काची, दुसरी २२.८ टक्क्यांची.

ताडीने मात्र हा सगळा हिशेब उलटा केला. झाडावरून नुकताच उतरलेला रस, म्हणजे नीरा, जवळजवळ नितळ आणि गोड असतो. काही तासांत तो आंबतो, दुधाळ होतो, तेव्हा त्याला ताडी म्हणतात. येथे गढूळ झाल्याखेरीज पेय तयारच होत नाही. ताडी साठवता येत नाही, दूर नेता येत नाही आणि हायड्रोमीटरलाही दाद देत नाही. म्हणून कर बसला तो थेट झाडावर. ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावरील भंडाऱ्यांचा उदरनिर्वाहच त्या झाडांवर चाले, त्यामुळे या कराविरुद्ध त्यांनी मोठी ओरड केली.

१९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत सलाबाई देवीची चळवळ उभी राहिली आणि पश्चिम खानदेशातही पसरली. देवी अंगात आलेले लोक सांगू लागले : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. सुरत जिल्ह्यात पारशी दारू दुकानदारांवर बहिष्कार पडला. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर इतिहास लिहिला असून, तिच्याकडे केवळ व्यसनमुक्ती म्हणून पाहता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. घरची भट्टी गेली होती. उरली होती ती दुकानाची उधारी, आणि उधारीपायी जाणारी जमीन. ज्या दारूवर आपली सत्ता राहिली नाही ती दारूच नाकारणे, यात मोठा राजकीय शहाणपणा होता. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनीही भिल्लांना दारू सोडण्याचाच उपदेश केला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मोहाच्या फुलांवरील नियंत्रण त्यातही कायम राहिले. बंदी पुढे सैल झाली, १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी दारू नियम झाले आणि सरकारमान्य देशी दारू पुन्हा दुकानात आली. ती आता मुख्यतः उसाच्या मळीच्या मद्यार्कापासून बनते. मोहाशी तिचा संबंध उरला नाही. हातभट्टीतही काळा गूळ आणि नवसागर शिरले. छाप्यानंतरच्या पंचनाम्यात सडव्याला ‘कच्चे रसायन’ म्हणतात. शब्द असा निवडला आहे, की ते अन्नापासून बनते याची आठवणही होऊ नये.

आणि नितळ म्हणजे निर्धोक काय? १९९१ च्या अखेरीस मुंबईत विक्रोळी येथे आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने मोठे बळी घेतले. मालवणीत मृतांची संख्या शंभरावर गेली. अशा दुर्घटनांतले विष म्हणजे मिथेनॉल. तो कारखान्यात वापरला जाणारा द्रव आहे, फुलांच्या सडव्यातून तो घातक प्रमाणात येत नाही. तो पाण्यासारखाच नितळ असतो. डोळ्याला तो ओळखता येत नाही, आणि इथेनॉल व मिथेनॉल यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने हायड्रोमीटरलाही येत नाही.

दरम्यान शहरांत वारे फिरले आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी मद्यशाळा सुरू झाली आणि गव्हाची धूसर बीअर चढ्या दराने विकली जाऊ लागली. ‘डूलाली’ हा शब्द मुळात नाशिकजवळच्या देवळालीचा, गोऱ्या शिपायांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. तेथे धूसरपणा हे अस्सलपणाचे लक्षण ठरते आणि त्याचे पैसे पडतात. सातपुड्यातील सडव्याचा धूसरपणा मात्र अजूनही पंचनाम्यातच नोंदवला जातो.

नरडाण्याहून त्याच आग्रा रस्त्याने पुढे गेले की पळासनेरपलीकडे मध्य प्रदेशाची हद्द लागते. त्या राज्याने अलीकडे मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली असून ती गाळण्याचे काम आदिवासी बचत गटांकडे सोपवले आहे. तिथेही विक्रीला येते ती गाळलेली, मोजलेली आणि काचेच्या बाटलीत भरलेली नितळ धारच. आणि महाराष्ट्राच्या बाजूला सरकारमान्य देशी दारूच्या बाटलीवर तीव्रतेचा आकडा आजही छापलेला असतो : ४२.८ टक्के, म्हणजेच लंडन प्रूफच्या खाली २५ अंश.