रोहिडखोऱ्याचा वकील आणि तहांची छपाई

रोहिडखोऱ्यात, हिरडस मावळात किंवा पलीकडे गुंजण मावळात आणि कानदखोऱ्यात, म्हणजे आज ज्यास आपण भोर व वेल्हे म्हणतो त्या मुलखात, देशमुखीचा, पाटिलकीचा किंवा एखाद्या शेताच्या शिवेचा तंटा उभा राहिला, म्हणजे शिवकाळात आणि त्यापूर्वीही तो एकट्या हवालदाराच्या मर्जीवर निकालात निघत नसे. अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरिरा लिहून घेतल्या जात, निवाडा मान्य करू असे राजीनामे दोघांकडून घेतले जात, जामीनकतबे होत, आणि मग हाजीर मजालशीत, देशमुख-देशपांडे, पाटील, शेटे-महाजन आणि बारा बलुते यांच्या समक्ष, जुने कागद एकेक करून वाचले जात. महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, तयार झाला म्हणजे त्याच्या खाली सर्वांच्या साक्षी पडत, आणि ज्यास अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याचे चिन्ह काढी. म्हणून एखादा जुना महजर उलगडून पाहिला तर सरकारी शिक्क्याखाली पाटलाचा नांगर, सुताराचे हत्यार, न्हाव्याचा आरसा अशी चित्रे ओळीने काढलेली दिसतात, आणि निरक्षर माणसाची संमतीदेखील निवाड्यास आवश्यक मानली जात होती याची खात्री पटते.

या पद्धतीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ‘थळा’ची. आपल्या परगण्याचे गोत, म्हणजे वतनदारांची व बलुत्यांची सभा, प्रतिपक्षाच्या भिडेत आहे असे एखाद्या वादीस वाटले, तर त्याने दुसरे थळ मागावे, आणि सरकारने कागदांसह तो वाद पैठणासारख्या दूरच्या ठिकाणच्या सभेपुढे पाठवावा, अशी वहिवाट होती. ज्याचा त्या वतनाशी कवडीचा संबंध नाही, ज्यास कोणत्याही बाजूकडून लाभ नाही, परंतु ज्यास वतनाचा व्यवहार कळतो, अशाने कागद तपासावा, हे त्यामागील तत्त्व. विद्वत्पत्रिकांचे संपादक आज लेख छापण्यापूर्वी तो त्याच विषयातील तटस्थ जाणकाराकडे परीक्षणार्थ धाडतात, त्याचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात या महजरांचा जो अभ्यास केला, तो मावळच्या माणसाने अवश्य वाचावा.

भोरच्या राजघराण्याचा अधिकारच मुळी कागद तपासण्याचा होता. अष्टप्रधानांतील सचिवाने राजपत्रे शोधावीत, अधिकउणे अक्षर शुद्ध करावे आणि मगच ती दप्तराबाहेर जाऊ द्यावीत, असा नेम असून, जुन्या पत्रांच्या अखेरीस दिसणारे ‘सुरु सूद’, ‘बार’ हे शेरे त्याच तपासणीच्या परंपरेतले आहेत. राजाराम महाराजांच्या काळी शंकराजी नारायण यांच्याकडे हे पद आले, वंशपरंपरेने राहिले, आणि पुढे पंतसचिवांची जहागीर हेच भोर संस्थान झाले. त्याच्या विचित्रगड, राजगड, प्रचंडगड इत्यादी तालुक्यांची नावे गडांवरून पडली, आणि त्यांतील प्रचंडगड म्हणजे वेल्ह्याचा तोरणा.

या पार्श्वभूमीवर रंगो बापूजी गुप्ते यांची कथा वाचली म्हणजे तिचा अर्थ अधिक खोल जातो. रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातील हा पुरुष सातारच्या प्रतापसिंह छत्रपतींचा वकील म्हणून विलायतेस गेला आणि जवळजवळ चौदा वर्षे लंडनमध्ये तहनाम्याच्या अर्थावर भांडत राहिला. वादाचे मूळ असे. २५ सप्टेंबर १८१९ रोजी इंग्रजांनी छत्रपतींशी तह करून साताऱ्याचे राज्य उभे केले. पुढील साली पंतसचिव, प्रतिनिधी, फलटणकर, डफळे आदी जहागीरदारांशी करार झाले, त्यांत जहागिरी त्यांच्याकडे चालतील याची हमी इंग्रजांनी घेतली, पण चाकरी मात्र छत्रपतींची ठरली. तेव्हा या जहागिरींवर सत्ता कोणाची, वारस नसल्यास किंवा दत्तक घ्यावयाचा झाल्यास अनुज्ञा कोणाची, हे प्रश्न अपरिहार्यपणे उत्पन्न झाले. छत्रपती म्हणत, तहाप्रमाणे ती आमची. मुंबईचे सरकार ते मान्य करीना. आणि विलायतेतील ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचे मत छत्रपतींच्या बाजूस झुकले असता ते वेळीच साताऱ्यास कळविण्यात आले नाही, हा छत्रपतींच्या पक्षाचा मोठा आक्षेप होता. अर्थात भोर हे या वादातील एक प्रत्यक्ष वादवस्तू होते.

त्यानंतर आरोप आले: गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार, आणि कंपनीच्या पलटणीतील शिपाई फोडण्याचा यत्न. १८३६ साली लॉडविक, विलोबी आणि ओव्हन्स या तिघांचे गुप्त कमिशन साताऱ्यास बसले. गुप्त हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा, कारण साक्षीपुराव्याच्या नकला मागूनही छत्रपतींना दिल्या गेल्या नाहीत, आणि ज्या कागदांवर आरोपाची इमारत उभी होती त्यांवरील मोहरा खऱ्या की बनावट, एक महत्त्वाचा अर्ज ज्या बाईच्या नावाने आला तो तिचाच की दुसऱ्याने लिहिलेला, हे पारखण्यासाठी कोणतीही हाजीर मजालस भरली नाही. रोहिडखोऱ्यातील साध्या कुळकर्ण्यासही जे मिळत असे, म्हणजे प्रतिपक्षाचा कागद डोळ्यांनी पाहण्याचा आणि त्यावर तकरीर लिहून देण्याचा अधिकार, तो छत्रपतींना नाकारला गेला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले.

रंगो बापूजींनी लंडनमध्ये जे केले त्यास मी विद्वत्प्रकाशनाचा इतिहास म्हणतो, आणि तसे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याचे एकही नियतकालिक त्या वेळी अस्तित्वात नव्हते. मग तहाचा अर्थ विद्वानांपुढे मांडावा कोठे? त्यांनी अर्ज, कैफियती, पुराव्यांची छाननी आणि उलट प्रश्न इंग्रजीत छापून काढले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांसारख्या मंडळींकरवी ठराव आणविले. पार्लमेंटात प्रश्न उपस्थित करविले, आणि सातारा प्रकरणाचे कागद पार्लमेंटच्या हुकुमाने छापले गेले. तह, साक्षी, खलिते ही सामग्री एकदा छापली गेली की ती कोणाही वाचकास पडताळता येते, हे वर्म त्यांनी ओळखले होते. या प्रसिद्धीचे फळ लहान नव्हते. ज्या लॉडविक साहेबांचे नाव आपण महाबळेश्वरच्या एका टोकास दिलेले पाहतो, त्या कमिशनच्या सभासदानेच पुढे इंग्लंडात छत्रपतींच्या निर्दोषपणाची बाजू घेतली. एका परीक्षकाने आपले मत जाहीरपणे बदलावे, याहून मोठे यश त्या काळी कोणत्या ग्रंथकाराच्या पदरी पडले असेल?

निकाल मात्र बदलला नाही, कारण निकाल देणारी आणि आरोप करणारी सत्ता एकच होती. छत्रपती १८४७ मध्ये काशीस वारले. १८४८ साली सातारा खालसा होऊन भोरचा संबंध थेट इंग्रज सरकारशी जडला. रंगो बापूजी १८५३ मध्ये परत निघाले. पुढे सत्तावन्नच्या उठावात त्यांचा पुत्र सीताराम साताऱ्यास फाशी गेला आणि ते स्वतः असे अदृश्य झाले की पुन्हा सापडले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहून महाराष्ट्रावर उपकार केले आहेत. तथापि, कायद्याचा प्रतिपादक म्हणून त्यांच्या इंग्रजी लेखनाची स्वतंत्र चिकित्सा व्हावयास हवी, आणि ती कायदेपंडितांनी करावयास हवी.

या नंतरच्या अर्धशतकात तहांच्या छपाईचे कार्य सरकारने स्वतःकडे घेतले. परराष्ट्र खात्यातील चार्ल्स ॲचिसन यांनी १८६२ पासून तह, करार व सनदा यांचा संग्रह खंडशः प्रसिद्ध केला, आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. संग्रह उपयुक्त आहे यात संशय नाही. मी स्वतः त्याचा ऋणी आहे. पण प्रत्येक संस्थानच्या करारापूर्वी जी ऐतिहासिक हकीकत त्यात दिलेली असते ती करारातील एका पक्षाच्या दप्तरात तयार झालेली आहे, आणि तीच पुढे ग्रंथकारांनी प्रमाण म्हणून उद्धृत केली. युरोपात याच सुमारास आंतरराष्ट्रीय कायद्याच्या शास्त्रास नियतकालिक लाभले. बेल्जियममधील पहिली मोठी पत्रिका १८६९ मध्ये निघाली आणि १८७३ साली गेंट येथे कायदेपंडितांची संस्था स्थापन झाली. त्या मंडळींत तहाचा विचार सूक्ष्मतेने होत असे, पण हिंदुस्थानातील संस्थानांचे तह त्यांच्या विचारकक्षेबाहेर ठेवले गेले. मणिपूर संस्थानातील उठावाच्या प्रकरणानंतर २१ ऑगस्ट १८९१ च्या अधिसूचनेने हिंदुस्थान सरकारने स्पष्टच जाहीर केले की सार्वभौम सरकार व संस्थाने यांच्या संबंधांस आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी ली-वॉर्नर यांनी १८९४ साली संस्थानांवर ग्रंथ लिहिला, केंब्रिजच्या वेस्टलेकांनी त्याच वर्षी आपल्या ग्रंथात हिंदुस्थानच्या साम्राज्याची मीमांसा केली, आणि भोरच्या पंतसचिवांचा १८२० चा करार हा तह नसून अंतर्गत व्यवस्थेचा कागद आहे, असे मानावयास आधार मिळाला. परीक्षक पुष्कळ होते, परंतु थळ बदललेले नव्हते.

कागदपरीक्षेची खरी परंपरा या अवधीत महाराष्ट्रात इतिहाससंशोधकांनी चालविली. १९१० साली राजवाड्यांनी व मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. तेथील पाक्षिक सभांत कागद वाचावा, इतरांनी शंका काढाव्या, आणि मग तो इतिवृत्तात किंवा त्रैमासिकात छापावा, असा क्रम पडला. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तीतील शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेमुळे शिवजन्माच्या तिथीचा जो वाद पेटला, त्यात स. म. दिवेकरांना तंजावरास सापडलेल्या शिवभारतासारखी साधने पुढे येत गेली आणि प्रत्येक विधान पुन्हा पुन्हा घासून पाहिले गेले. रोहिडखोऱ्याच्याच दादाजी नरस प्रभूंना लिहिलेले, हिंदवी स्वराज्याचा उल्लेख असलेले पत्रही या घासणीतून सुटले नाही, आणि अनेकांना ते प्रिय असूनही त्याच्या अस्सलपणाविषयी शंका काढण्यास अभ्यासक कचरले नाहीत. हे धैर्य मला फार आदरणीय वाटते.

मराठी कागदास आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे तटस्थ परीक्षा शेवटी मिळाली ती हेग येथे, आणि तीही पोर्तुगीजांच्याच निमित्ताने. दादरा व नगरहवेलीकडे जाण्याचा मार्ग आपल्या हक्काचा आहे, अशी फिर्याद पोर्तुगालने १९५५ साली भारताविरुद्ध केली आणि आधार दाखविला तो पेशव्यांच्या १७७९ च्या तहाचा व १७८३ आणि १७८५ च्या हुकुमांचा. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड मांडीत होते, न्यायासनावर भारतातर्फे महंमद करीम छागला होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, त्या दोन्ही मावळच्या माणसाने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. अठराव्या शतकातील हिंदुस्थानी सत्तेने केलेला तह नंतरच्या काळातील रीतींच्या मापाने मोजू नये, तो तह म्हणून वैधच आहे, ही एक. आणि मराठी मजकूर नीट वाचला असता पेशव्यांनी दिले ते सालिना बारा हजार रुपयांचे उत्पन्न, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, राज्याचा स्वामित्वहक्क नव्हे, ही दुसरी. इंग्रजांच्या अमलात पोर्तुगीजांचे स्वामित्व पुढे मान्य झाले म्हणून नागरी वाहतुकीपुरता मार्गाचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला, सैन्याचा व शस्त्रांचा आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. सरंजाम आणि राज्य यांतील जो भेद येथील प्रत्येक देशपांड्यास ठाऊक होता, तो जगाच्या न्यायालयात निकालाचे कारण झाला. त्याच वर्षी दिल्लीहून भारतीय आंतरराष्ट्रीय कायद्याची स्वतंत्र पत्रिका निघू लागली, आणि मद्रासच्या विद्यापीठात काम केलेल्या अलेक्झांड्रोविच यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात पौर्वात्य सत्तांनी केलेल्या तहांना राष्ट्रांच्या कायद्याच्या इतिहासात त्यांचे स्थान परत दिले.

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई इलाख्यात विलीन झाले. आता दक्षिणी संस्थानांच्या तहांची व करारांची एक नवी, चिकित्सक आवृत्ती निघाली पाहिजे: १८१९ चा सातारचा तह, पंतसचिवांचा १८२० चा करार, जहागिरींच्या वादातील खलिते आणि रंगो बापूजींची इंग्रजी पत्रके एकत्र, जेथे मोडी पाठ उपलब्ध आहे तेथे तो समोरच्या पानावर, आणि पाठभेद तळटीपेत. तिचे परीक्षण कायद्याच्या एका अध्यापकाकडे सोपवावे, आणि त्याच्या बरोबरीने मोडी वाचणाऱ्या, वतनी कागदांत आयुष्य घालविलेल्या एका जाणकाराकडेही. दोघांच्या सह्या झाल्याखेरीज पुस्तक छापखान्यात जाऊ नये.