एका किड्याचं आडनाव

आजच्या भागाचा हिरो जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा आहे. पारदर्शक, ना पाय, ना डोळे. तरी त्याच्यावरच्या कामाला आत्तापर्यंत चार वेळा नोबेल मिळालंय: २००२, २००६, २००८ आणि २०२४. नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. आज मी नोबेलबद्दल कमी आणि या नावाबद्दल जास्त बोलणार आहे.

हा सूत्रकृमी. शेतकरी घरातल्यांना शब्द ओळखीचा असेल, डाळिंबाच्या नि टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारे ते सूत्रकृमीच. पण आपला हिरो जिवाणू खाऊन जगतो, पिकाच्या वाटेला जात नाही.

गोष्ट सुरू होते अल्जीरियात. एमिल मोपा हा अल्जीयर्सच्या ग्रंथालयात काम करणारा माणूस. तिथल्या मातीतून त्यानं हा कृमी मिळवला आणि १९०० मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्यानं दिलेलं नाव होतं ऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. यात मादी अशी नसतेच. बहुतेक सगळे उभयलिंगी. आधी शुक्रपेशी तयार करायच्या, मग अंडी, आणि स्वतःच स्वतःला फळवायचं. नर निघतो हजारात एखाद-दुसरा.

आता अडचण बघा. ऱ्हॅब्डायटिस ही प्रजाती म्हणजे धर्मशाळा झाली होती. प्रजाती म्हणजे आडनाव, जाती म्हणजे पाळण्यातलं नाव, असं समजा. दिसायला सारखा, काठीसारखा किडा सापडला की ढकल त्याच आडनावात! पण आडनाव एक म्हणून रक्ताचं नातं असेलच असं नाही ना?

१९४० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला मार्गारेट ब्रिग्ज यांना असाच एक कृमी मिळाला. एल्सवर्थ डॉहर्टी आणि फ्रान्सचे व्हिक्टर निगॉन यांनी १९४९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि ब्रिग्ज यांच्यावरून जातीचं नाव ठेवलं ब्रिग्सी. एलिगन्सशी इतका सारखा, की दोघांचा संकर होतो का, हेही त्यांनी करून बघितलं. टिकाऊ संतती मिळाली नाही. म्हणजे भाऊबंद खरे, पण घरं वेगळी.

मग १९५२ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गुंथर ओशे यांनी या भाऊबंदांसाठी ऱ्हॅब्डायटिसमध्येच एक उपप्रजाती काढली. अशा कृमींची नाती जुळवताना तोंडाची पोकळी, नराच्या शेपटीची ठेवण असले बारकावे बघावे लागतात. १९५५ मध्ये डॉहर्टींनी त्या गटाला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. सीनोऱ्हॅब्डायटिस, ग्रीकमध्ये 'नवी काठी'. एलिगन्स म्हणजे डौलदार.

तेव्हा कुणी विचारलं असतं, 'याचा उपयोग काय?', तर उत्तर देणं कठीणच होतं. पण १९६३ मध्ये केंब्रिजचे सिडनी ब्रेनर मज्जासंस्था समजून घ्यायला एक साधा प्राणी शोधत होते. त्यांच्या सुरुवातीच्या प्रस्तावात नाव ब्रिग्सीचं होतं. पुढे निवड झाली एलिगन्सची. नमुना मागवला डॉहर्टींकडूनच. त्यातून या प्राण्याच्या ९५९ पेशींचा आणि ३०२ चेतापेशींचा हिशेब लागला. १९९८ मध्ये संपूर्ण जीनोम वाचला गेलेला पहिला बहुपेशीय प्राणी हाच.

भावंडांचं मोल कळलं त्यानंतर. एकट्या एलिगन्सकडे बघून कुठला जनुक जुना, कुठला अलीकडचा हे कसं सांगणार? शेजारी ब्रिग्सी ठेवला की फरक दिसतो. २००३ मध्ये ब्रिग्सीचाही जीनोम आला. त्यासाठी वापरलेला वाण कुठला, माहितीय? आपल्या शेजारच्या अहमदाबादचा!

आणि एक गंमत. शंभर वर्षं 'मातीतला' म्हणून मिरवलेला हा प्राणी खरा वाढतो कुजक्या फळांत नि देठांत. मारी-आन फेलिक्स यांच्यासारख्या संशोधकांनी तिथे शोधलं, तशी कुटुंबाची यादी भराभर वाढली. आज पन्नासहून जास्त जाती माहीत आहेत.

म्हणून मला वाटतं, शेपटी मोजत बसणाऱ्या माणसांना निधी देताना हात आखडू नये. डॉहर्टींनी आडनाव वेगळं केलं, तेव्हा समोर कुठलंच बक्षीस नव्हतं. पुढच्या वेळी झाडाखाली कुजलेलं फळ दिसलं तर नाक मुरडण्याआधी जरा थांबा, आत एखादं बिनआडनावाचं कुटुंब नांदत असेल. भेटू पुढच्या भागात!