गोवळकोंड्याची नक्कल, अजिंठ्याच्या प्रती

रेने माग्रित या बेल्जियन चित्रकाराच्या १९५३ सालच्या एका तैलचित्राचे नाव ‘गोलकोंड’ आहे. काळे ओव्हरकोट आणि गोल हॅट घातलेली एकसारखी माणसे लाल छपरांच्या घरांसमोर हवेत लटकली आहेत. चित्र अतिवास्तववादी, नाव मात्र आपल्या गोवळकोंड्याचे! ज्या कुतुबशहाची शिवाजी महाराजांनी १६७७ साली भेट घेतली, त्याच्या हिऱ्यांच्या राज्याचे नाव युरोपात अमाप संपत्तीसाठी रूढ झाले होते. माग्रितला ते लुई स्क्युतेनेर या कविमित्राने सुचवले.

या चित्राची नक्कल करत मी सिंगापुरात तैलरंग शिकतो आहे. आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला वाटते, एक माणूस जमला की पुढे नुसता लूप फिरवायचा. पण माणसे तीन अंतरांवर आहेत. लांबच्या माणसाला जवळच्याचाच काळा रंग दिला, की तो खुशाल पुढे येऊन उभा राहतो. शिवाय तैलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्यात जास्त, नाहीतर पुढे भेगा पडतात. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक मात्र फार सावकाश. आणि इथे तर सगळे कोट काळे!

‘नक्कल’ हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो. पण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या (स्थापना १८५७) पहिल्या पिढ्यांचा हात नकलेवरच बसला. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ च्या दरम्यान विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या सुमारे तीनशे प्रती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी, जयराव राघोबा ही त्यांतली नावे.

आता अडचण पाहा. अजिंठ्याची चित्रे भुसा-काड्या मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर, डिंक-सरसासारख्या बंधकात कालवलेल्या रंगांनी काढलेली. गेरू, पिवळी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दी निळा. त्यांना चकाकी नाही. या मुलांना ती कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायची होती. एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना नक्कल राहत नाही, भाषांतर होते. प्रत्येक छटा नव्याने कालवावी लागते, आणि माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण तिथेच झाले.

त्याची किंमत मात्र भिंतींनी मोजली. लेण्यांतल्या अंधारात धुरकटलेली चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून प्रतींच्या कामात मूळ चित्रांवर स्वस्त व्हार्निश फासले गेले, आणि त्यांची हानी वाढली. पुढे विसाव्या शतकात निजामाने इटालियन तज्ज्ञ बोलावले, तर त्यांनीही आणखी लेप चढवले. जपण्यासाठी निघालेल्या माणसांनी केलेले हे नुकसान वाचून मन विषण्ण होते.

बरे, प्रती तरी सुरक्षित राहाव्यात? ग्रिफिथ्सच्या आधी मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात तैलप्रती करत होता. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जे. जे.च्या मुलांच्या शंभराहून अधिक प्रती १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत, दोन्ही वेळा आगच! तरी ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढून काम पुरे केले.

दोन्ही मालिकांतल्या १६६ प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात उरल्या. सर्वांत मोठ्या तीन मीटर बाय सहा मीटरच्या आसपास. २००६ च्या सुमारास त्यांतल्या निम्म्या प्रतींच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. अजिंठ्याच्या भिंतीवरून जे झडून गेले, त्यातले काही आता या विद्यार्थ्यांच्या कॅनव्हासवरच पाहायला मिळते.