मॉरिशस पोलीस दल : सागरी सीमारक्षणासाठी भारताचे साहाय्य

हिंदी महासागरातील मॉरिशस या प्रजासत्ताकाला स्वतःचे लष्कर नाही. अंतर्गत सुव्यवस्था, विमानतळ व बंदरांवरील प्रवाशांची तपासणी, अमली पदार्थांच्या तस्करीला आळा आणि समुद्रावरची गस्त ही सर्व कामे एका पोलीस आयुक्ताच्या हाताखालील मॉरिशस पोलीस दलाकडे आहेत. देशाची जमीन सुमारे २,०४० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी; पण त्याचे अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे २३ लाख चौ. किमी. इतके पसरलेले आहे. (यात चागोस बेटांभोवतीचा समुद्र धरला आहे.) या विषमतेमुळे मॉरिशसच्या पोलिसांना सीमारक्षणासाठी बाहेरची मदत घेणे भाग पडले. तिचा सर्वांत मोठा आणि सलग वाटा भारताचा आहे. या साहाय्यातील काही जहाजे गोव्यात, वास्को-द-गामा येथे बांधली गेली. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांची जुनी वस्तीही आहे. त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

पार्श्वभूमी : ब्रिटिश अमलात बेटावर ‘किंग्ज आफ्रिकन रायफल्स’ची तुकडी असे. ती १९६० मध्ये परत गेल्यावर पोलीस दलांतर्गत ‘स्पेशल मोबाइल फोर्स’ हे निमलष्करी पथक उभारण्यात आले. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी जानेवारीत पोर्ट लुई येथे जातीय दंगली उसळल्या होत्या आणि त्या शमवण्यासाठी ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले होते. स्वतंत्र लष्कर न उभारण्याच्या धोरणामागे खर्चाचा विचार होता, तसाच बहुवंशीय समाजात सशस्त्र दल एखाद्या गटाच्या हाती जाऊ नये हाही होता, असे काही अभ्यासक मानतात. ब्रिटनशी झालेला संरक्षण करार आणि व्हाक्वा येथील ब्रिटिश नौदलाचे संदेशवहन केंद्र १९७० च्या दशकाच्या मध्यावर संपुष्टात आले. भारताचे साहाय्य सुरू झाले ते नेमके याच सुमारास. १९७४ मध्ये भारतीय नौदलातील ‘अमर’ ही गस्तीनौका मॉरिशसला देण्यात आली. पुढची अनेक वर्षे त्या देशाचे समुद्रावरचे अस्तित्व मुख्यतः या एका नौकेपुरतेच होते.

भारताचा संबंध नौकेपुरताच नव्हता. १९८३ मध्ये मॉरिशसमधील सत्तासंघर्षाच्या काळात भारताने ‘लाल डोरा’ या सांकेतिक नावाने हस्तक्षेपाची तयारी केली होती आणि ती प्रत्यक्षात राबवली गेली नाही, असे नंतरच्या काही लेखकांनी लिहिले आहे.

राष्ट्रीय तटरक्षक दल : मॉरिशसचे राष्ट्रीय तटरक्षक दल २४ जुलै १९८७ रोजी स्थापन झाले. १९८८ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. नावात ‘तटरक्षक’ असले तरी ते पोलीस दलाचाच भाग आहे. त्याचे अधिकारी व शिपाई पोलीस आहेत आणि अंतिम जबाबदारी पोलीस आयुक्ताची. भारतीय तटरक्षक दलाशी तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. भारतीय दल संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि किनाऱ्याजवळची गस्त राज्यांच्या सागरी पोलिसांकडे आहे. मॉरिशसमध्ये ही दोन्ही कामे एकाच वर्दीतील माणूस करतो. प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात मासेमारांचे परवाने तपासायचे आणि बाहेरच्या खोल समुद्रात परदेशी मासेमारी जहाजांच्या मागे जायचे, या दोन्हींसाठी त्याला वेगवेगळ्या नौका लागतात. भारताकडून आलेल्या नौकांच्या आकारांतील फरक यावरून समजतो.

या दलाचे नेतृत्व प्रतिनियुक्तीवर आलेल्या भारतीय नौदलाच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची प्रथा आहे. पोलीस हेलिकॉप्टर पथकातही भारतीय अधिकारी प्रतिनियुक्तीवर असतात. दुसऱ्या देशाच्या गणवेशधारी अधिकाऱ्याकडे आपल्या दलाची सूत्रे देणारी राष्ट्रे जगात फार नाहीत. या व्यवस्थेचे समर्थन अनुभवाच्या आधारे केले जाते आणि टीका सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर होते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र या साहाय्यातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. नौका जुनी होते, तिची यंत्रे बदलावी लागतात. पण समुद्रावर शिकलेला मॉरिशसचा पोलीस अधिकारी तीस वर्षे सेवेत राहतो.

नौका : १९९३ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली ‘गार्डियन’ ही किनारी गस्तीनौका मॉरिशसला मिळाली. त्याच दशकात मॉरिशसने चिलीकडून ‘व्हिजिलंट’ हे मोठे गस्तीजहाज घेतले. ते १९९६ मध्ये सेवेत आले, पण दुरुस्तीच्या अडचणींमुळे बराच काळ धक्क्यालाच राहिले आणि शेवटी मोडीत निघाले. जहाज विकत घेणे सोपे, ते चालते ठेवणे कठीण, हे मॉरिशसला या अनुभवाने शिकवले. पुढच्या खरेदीत भारताकडे कल झुकण्याचे हेही एक कारण मानले जाते.

‘व्हिजिलंट’ची जागा ‘बॅराकुडा’ने घेतली. गार्डन रीच गोदीशी तिचा करार ४ मार्च २०११ रोजी झाला. किंमत ५ कोटी ८५ लाख अमेरिकी डॉलर होती आणि ती भारताने दिलेल्या सवलतीच्या कर्जातून व अनुदानातून भागवण्यात आली. ७४ मीटर लांब, सुमारे १,३०० टनांचे आणि ताशी २२ सागरी मैल वेगाचे हे जहाज २० डिसेंबर २०१४ रोजी हाती आले. मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनी, १२ मार्च २०१५ रोजी, पोर्ट लुई येथे भारताच्या पंतप्रधानांच्या हस्ते ते सेवेत दाखल झाले. भारतात बांधून परदेशाला निर्यात केलेली ही पहिली युद्धनौका. ती पोलीस दलासाठी होती, ही गोष्ट भारतातील बातम्यांत फारशी आली नाही.

गोव्याचा वाटा : झुआरीच्या काठी वास्को येथे असलेली गोवा शिपयार्ड ही गोदी पोर्तुगीज राजवटीत, १९५७ मध्ये सुरू झाली. त्या वेळी तिचे काम मुख्यतः लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसशी निगडित होते. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर ती काही काळ मुंबईच्या माझगाव डॉककडे होती आणि पुढे संरक्षण मंत्रालयाखालील स्वतंत्र कंपनी झाली. मांडवी-झुआरीतून बार्ज हाकणाऱ्या, गलबते-होड्या बांधणाऱ्या या किनाऱ्याच्या कसबाला गस्तीनौकांच्या कामाने नवे क्षेत्र मिळाले. पोलादी पत्रा कापणारे, वेल्डर, पाइप फिटर, रंगारी, इंजिनघराचे जोडारी अशी गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवार पट्ट्यातील माणसे या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. मॉरिशसच्या नौकांची नोंद करताना गोदीचे नाव येते; त्या बांधणाऱ्या हातांची नोंद कोशांतून व्हायला हवी.

मॉरिशससाठी या गोदीने सुमारे ५० मीटर लांबीच्या दोन वेगवान गस्तीनौका बांधल्या. ‘व्हिक्टरी’ २०१६ मध्ये आणि ‘व्हॅलियंट’ २०१७ मध्ये मॉरिशसला मिळाली. ‘बॅराकुडा’ दूरच्या बेटांच्या फेऱ्यांना उपयोगी पडते, पण तिला रोज किनाऱ्याजवळ फिरवणे इंधनाच्या दृष्टीने परवडत नाही. मधल्या पट्ट्यातील गस्त, संशयित बोटीचा पाठलाग, बुडत्या होडीची सुटका यांसाठी ५० मीटरची नौका सोयीची ठरते. प्रवाळभिंतीजवळच्या कामासाठी याच गोदीने लहान इंटरसेप्टर नौकाही पुरवल्या. शेजारच्या फ्रेंच रेयुनियन बेटावरून रात्रीच्या वेळी वेगवान होड्यांतून गांजा व इतर अमली पदार्थ आणले जातात. अशा होडीला गाठायचे तर हलकी आणि वळणाला चपळ नौका लागते. टनांचा तिथे उपयोग नसतो. मॉरिशसमध्ये अमली पदार्थांचा प्रश्न किती खोल गेला आहे, हे न्या. लाम शांग लीन आयोगाच्या २०१८ च्या अहवालाने दाखवून दिले. लहान नौकांचे महत्त्व त्यानंतर अधिकच पटले.

एकाच गोदीकडून दोन जुळ्या नौका घेण्याचा व्यावहारिक फायदा मोठा असतो. इंजिने सारखी, सुटे भाग सारखे, एका नौकेवर तयार झालेला खलाशी दुसरीवर लगेच रुजू होतो. आणि मोठ्या दुरुस्तीसाठी ज्यांनी बांधली त्यांच्याच देशात नेता येते. ‘बॅराकुडा’, ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलियंट’ यांची अशी दुरुस्ती भारताने सवलतीच्या अटींवर केली. या सोयीची दुसरी बाजू म्हणजे अवलंबित्व. तिचा विचार मॉरिशसलाच करावा लागेल.

विमाने व हेलिकॉप्टरे : तटरक्षक दलाचे सागरी हवाई पथक १९९० मध्ये, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यातील डॉर्नियर विमानासह सुरू झाले. २००४ आणि २०१६ मध्ये आणखी डॉर्नियर विमाने आली. पोलीस हेलिकॉप्टर पथकात चेतक व ध्रुव ही भारतीय बनावटीची हेलिकॉप्टरे आहेत. आणखी एका ध्रुवसाठी जानेवारी २०२२ मध्ये करार झाला.

किनारी रडार : भारत इलेक्ट्रॉनिक्सने बसवलेली रडारसाखळी २०११ मध्ये सुरू झाली. मुख्य बेटाखेरीज दूरच्या बेटांवरही तिची केंद्रे आहेत. सोमाली चाच्यांचा उपद्रव तेव्हा भर समुद्रात खोलवर पोचला होता. मॉरिशसने त्याच वर्षी चाचेगिरीविरोधी कायदा केला. भारतीय नौदलाची जहाजे मॉरिशसच्या सागरी क्षेत्रात स्थानिक दलासह संयुक्त गस्त घालतात.

वाकाशियो दुर्घटना : २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळभिंतीवर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातून इंधन तेलाची गळती सुरू झाली आणि सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले. स्थानिक लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून, केस गोळा करून तेल अडवण्यासाठी तरंगते बांध तयार केले. भारताने हवाई दलाच्या विमानाने ३० टनांहून अधिक साहित्य आणि भारतीय तटरक्षक दलाचे दहा जणांचे तज्ज्ञ पथक पाठवले. रडार, नौका, विमाने सर्व असताना जहाज इतके जवळ कसे आले आणि त्याच्याशी संपर्क साधण्याचे प्रयत्न पुरेसे होते काय, यावर देशात तीव्र वाद झाला. साहाय्याच्या इतिहासात ही घटना पुरवलेल्या कोणत्याही जहाजाइतकी महत्त्वाची आहे. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसणे आणि त्यावर तातडीने आदेश निघणे यांमधले अंतर यंत्राने भरून निघत नाही. त्यासाठी पहाऱ्यावरच्या माणसाला अधिकार आणि सराव दोन्ही द्यावे लागतात.

आगालेगा : मुख्य बेटाच्या उत्तरेस सुमारे १,१०० किमी.वर असलेल्या या जोडबेटांवर सुमारे ३०० लोक राहतात. मार्च २०१५ च्या सामंजस्य करारानुसार भारताने येथे सुमारे ३ किमी.ची धावपट्टी आणि धक्का बांधून दिला. त्यांचे उद्‌घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. हा लष्करी तळ असल्याचा आक्षेप मॉरिशस सरकारने वेळोवेळी नाकारला आहे. रहिवाशांच्या दळणवळणाची सोय आणि सागरी टेहळणी ही दोन्ही उद्दिष्टे सांगितली जातात. २०२२ मध्ये समुद्राखालील केबलच्या किनारी केंद्रात भारतीय तंत्रज्ञांनी केलेल्या पाहणीवरूनही मॉरिशसच्या राजकारणात वादळ उठले होते.

इतर देश : पोलिसांच्या विशेष सशस्त्र पथकाची घडण फ्रान्सच्या धर्तीवर आहे. शहरांतील कॅमेरा-निरीक्षणाची ‘सेफ सिटी’ योजना चिनी कर्ज आणि हुआवे कंपनीच्या उपकरणांवर उभी राहिली. तिच्यात सुमारे ४,००० कॅमेरे होते. म्हणजे समुद्राकडे भारत आणि रस्त्यांवर चीन अशी मदतीची विभागणी झाली. या कॅमेऱ्यांमुळे खासगीपणाच्या हक्काचा प्रश्न उपस्थित झाला.



मराठी संबंध : १८३४ पासून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांत मुंबई बंदरातून निघालेले कोकण व देशावरचे लोकही होते. त्यांच्या वंशजांच्या भजनी मंडळ्या आणि संस्था आजही चालू आहेत. शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते.

अलीकडील घडामोडी : मार्च २०२२ मध्ये मॉरिशस भारत, श्रीलंका व मालदीव यांच्या कोलंबो सुरक्षा परिषदेत सहभागी झाला. भारताच्या पंतप्रधानांच्या मार्च २०२५ मधील भेटीत भारताने मॉरिशसमध्ये पोलीस प्रबोधिनी आणि सागरी माहिती देवाणघेवाण केंद्र उभारण्यास सहकार्य जाहीर केले. गेल्या पन्नास वर्षांतील साहाय्यात नौका आणि विमानांवर जितका भर होता, तितका पोलिसांच्या शिक्षणावर नव्हता. त्यामुळे ही प्रबोधिनी प्रत्यक्षात आल्यास तिचे मोल ‘बॅराकुडा’पेक्षा अधिक ठरेल.